आवाज आहे, कारण अज्ञात

सरांच्या गाडीतून तो आवाज पहिल्यांदा आला एका मंगळवारी, पुलाच्या चढावर. पुढे पाण्याचा टँकर रमतगमत चालला होता. त्याला मागे टाकायचं म्हणून सरांनी ॲक्सिलरेटर दाबला आणि गाडीच्या पोटातून कुठूनतरी “कर्र… डब्” असं काहीतरी उमटलं. पाय सैल केला, आवाज बंद. पुन्हा दाबला, पुन्हा “कर्र… डब्”.

“ऐकलंस?” सरांनी विचारलं.

“ऐकलं,” शेजारी बसलेल्या काकू टँकरवरची नजर न काढता म्हणाल्या.

सर म्हणजे चौतीस वर्षं शाळेत भौतिकशास्त्र शिकवून निवृत्त झालेले सर. दूधवाल्यापासून दातांच्या डॉक्टरपर्यंत सगळे त्यांना सरच म्हणत, आणि त्यांच्या बायकोला सगळी इमारत काकू म्हणे. सरांना दोन गोष्टींचा अभिमान होता. एक, आयुष्यात कुठलाही प्रयोग अर्धवट सोडला नाही. आणि दोन, गाडी चालवणं. “पंधरा वर्षं झाली गाडीला. आजवर हिने माझ्या ड्रायव्हिंगबद्दल एक शब्द काढलेला नाही,” हे वाक्य ते काकूंकडे बोट दाखवून लग्नात, बारशात, एकदा तर एका शोकसभेतही बोलले होते. अशा वेळी काकू नुसत्या हसत.

गाडीची दुरुस्तीही होता होईल तो सर स्वतःच करत. आरसा त्यांनी प्रयोगशाळेतल्या डिंकाने चिकटवला होता. मागच्या दाराची कडी सायकलच्या तारेने ओढून घ्यावी लागे. गेल्याच महिन्यात पुढच्या सीटसमोरची, पायाखालची रबरी मॅट झिजून आरपार गेली, तर तिथे नवी टाकण्याआधी त्यांनी खाली एक जुना पत्रा कापून बसवला, आणि मॅटवाल्या कंपनीला दोन पानी खरमरीत पत्रही धाडलं. कंपनीचं उत्तर आलं, “आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे.” सरांनी ते फाइलला लावून ठेवलं. ते काहीच टाकत नसत.

आता एखाद्या जुन्या गाडीने थोडी कुरकुर केली तर त्यात एवढं काय, असं तुम्ही म्हणाल. गुडघे कुणाचे वाजत नाहीत? पण त्या आठवड्यात सरांच्या मुलीचा फोन आला, आणि सर बोलून गेले. सरांचं हे नेहमीचं होतं. खोटं बोलता येत नसे आणि खरं पोटात राहत नसे.

“बाबा, पंधरा वर्षांची गाडी, त्यात आवाज, आणि त्यात तुम्ही आईला बसवून फिरवताय?” मुलगी दुसऱ्या गावाहून म्हणाली. “महिनाअखेर परिवहन कार्यालयात तपासणी आहे ना? तोवर आवाज सापडला तर ठीक. नाहीतर गाडी भंगारात. शब्द द्या.”

सरांनी शब्द दिला. फोन ठेवल्यावर मात्र ते बराच वेळ खिडकीशी उभे राहिले. निवृत्तीच्या दिवशी त्यांनी प्रयोगशाळेची किल्ली हेडमास्तरांच्या टेबलावर ठेवली होती. कपाटांच्या किल्ल्या दिल्या, शाळेच्या मागच्या फाटकाची दिली. आता खिशात वाजणारी किल्ली उरली होती ती एवढीच. तीही गेली तर सकाळी उठून माणसाने खिशात हात घालून करायचं काय, हा प्रश्न त्यांना खरोखरच पडला.

पण सर खचणाऱ्यातले नव्हते. दुसऱ्याच दिवशी ते परिवहन कार्यालयातून तपासणीचा अर्ज घेऊन आले आणि तो वळणदार अक्षरात भरला. आठव्या रकान्यात विचारलं होतं, “वाहनात काही दोष आहे काय? असल्यास स्वरूप व कारण.” त्या रकान्यात कार्यालय स्थापन झाल्यापासून प्रत्येक माणसाने “नाही” असंच लिहिलं होतं. सरांनी लिहिलं: “आवाज आहे. कारण अज्ञात.”

खिडकीतल्या कारकुनाने ते दोनदा वाचलं. मग चष्मा काढून वाचलं.

“हे काय लिहिलंत?”

“जे आहे ते.”

“अहो, ‘नाही’ लिहायचं असतं इथे.”

“पण आहे.”

“असेल हो. पण आमच्या यादीत ‘अज्ञात’ असं कारणच नाही,” कारकून म्हणाला. “आता तुम्ही पेनने लिहून बसलात. मला खोडता येत नाही, आणि अर्ज एका गाडीला एकच. आता मेकॅनिकचा दाखला आणा, कारण काय ते लिहिलेला. नाहीतर तपासणीलाच घेता येणार नाही.”

थोडक्यात, सरांनी आपल्या हाताने आपल्या पायावर धोंडा पाडून घेतला होता. तो नीट भरलेल्या रकान्यात पडला, एवढंच काय ते समाधान.

मग सुरू झाला प्रयोग. सरांनी दोनशे पानी वही आणली आणि रकाने आखले: वेग, गिअर, चढ की उतार, खिडक्या उघड्या की बंद, टाकीत पेट्रोल किती, हवा कोरडी की दमट, आवाज आला का, किती वेळा. नियम एकच, जो त्यांनी चौतीस वर्षं पोरांच्या डोक्यात हातोड्याने बसवला होता: एका वेळी एकच गोष्ट बदलायची. सर गाडी चालवणार, काकू शेजारी बसून वहीत लिहिणार. काकूंनी जन्मात भौतिकशास्त्र वाचलं नव्हतं, पण त्यांचं अक्षर चांगलं होतं.

सकाळ-संध्याकाळ दोघं निघत. आज खिडक्या बंद, उद्या उघड्या. मग सरांनी डिकीतून स्टेपनी काढली, आवाज तसाच. जॅक काढला, पाने काढले, छत्री काढली. शेवटी मागची अख्खी सीट काढून बैठकीच्या खोलीत भिंतीला लावली, आणि आल्यागेल्याला तिच्यावर बसवू लागले. आवाज हटायला तयार नव्हता. मात्र वहीतून एक गोष्ट स्पष्ट झाली: वेग वाढवला की आवाज येतो, ओव्हरटेक करताना दुप्पट येतो, आणि समोरून ट्रक येत असताना ओव्हरटेक केलं तर इतका येतो की काकूंना लिहायलाही सुचत नाही. त्या ओळी वहीत कोऱ्याच राहत.

एके दिवशी, प्रयोगाच्या अकराव्या दिवशी, आवाज मुळीच आला नाही. सर इतके हरखले की परतताना काकूंसाठी मोगऱ्याचा गजरा घेतला. नोंद झाली: “आवाज नाही. कारण अज्ञात.” बाराव्या दिवशी पहिल्याच वळणावर “कर्र… डब्”. सरांनी गजऱ्याबद्दल काही बोलून दाखवलं नाही, पण तोंड उतरलं ते उतरलंच.

एव्हाना इमारतीत बातमी पसरली होती. वरच्या मजल्यावर एक होमिओपॅथीचे डॉक्टर राहत. ते स्वतःहून खाली आले, सीटवर बसले, म्हणजे बैठकीतल्या, आणि त्यांनी गाडीची केस घेतली.

“आवाज सकाळी जास्त की संध्याकाळी?”

“सारखाच.”

“एकटी असताना येतो की माणसांत?”

“गाडी एकटी कशी असेल, डॉक्टर? चालवायला मी असतोच की.”

“घाई केली की वाढतो?”

“हो. हे मात्र खरं.”

डॉक्टरांनी डोळे मिटले. “भीती,” ते म्हणाले. “सर, ही शंभर टक्के भीतीची केस आहे. वेग वाढला की आत काहीतरी आक्रसतं. यंत्र असलं तरी काय झालं?”

सरांनी चौतीस वर्षं असल्या विधानांवर लाल शाई ओतली होती. पण शेजारधर्म म्हणून ते “बघतो” एवढंच म्हणाले. काकू चहाचे कप उचलत होत्या, त्यांच्या हातून एक कप निसटला.

आता मेकॅनिककडे जाणं भाग होतं. नाक्यावरचा मेकॅनिक सरांचा जुना विद्यार्थी. आता तोही पन्नाशीला आलेला, चष्मा लागलेला. पण सरांना पाहिलं की हातातला पाना खाली ठेवून उभा राहायचा. शाळेत असताना सरांनी त्याला एकदा प्रयोगशाळेबाहेर काढलं होतं. गुन्हा काय, तर त्याने प्रयोग न करता नुसता नादकाट्याला कान लावून बरोबर उत्तर सांगितलं. “उत्तर बरोबर असून उपयोग नाही, पद्धत कुठे आहे?” असं सर गरजले होते. ते दोघांच्याही लक्षात होतं आणि दोघंही ते कधी काढत नसत.

मेकॅनिकने लांब पेचकसाचं एक टोक इंजिनला लावलं, मूठ कानाला लावली, आणि वैद्याने नाडी पाहावी तसं सगळं इंजिन तपासलं. मग सरांच्या शेजारी बसून चक्कर मारली. चाळीस, साठ, सत्तर. गाडी मांजरासारखी चालली.

“कुठाय आवाज, सर?”

“आहे. आत्ता नाही, पण आहे.”

तरी सरांच्या समाधानासाठी त्याने पट्टा बदलला, सायलेन्सर आवळला, इंजिनाखालचे रबर नवे घातले. प्रत्येक वेळी गॅरेजपाशी गाडी गप्प. प्रत्येक वेळी सर विजयी मुद्रेने घरी येत, काकूंना खाली बोलावत, “बस, तुला दाखवतो,” म्हणत, आणि पहिल्या सरळ रस्त्यावर “कर्र… डब्”.

चौथ्या खेपेला मेकॅनिकने हात टेकले. “सर, ‘आवाज नाही’ असा दाखला देतो ना लिहून. मी ऐकलेलाच नाही, म्हणजे खोटंही नाही.”

सरांना मोह झाला नाही असं नाही. तपासणीला सहा दिवस उरले होते. दाखला घ्यायचा, शिक्का मारून घ्यायचा, मुलीला फोन करायचा, मामला खतम. त्यांनी खिशातली किल्ली चाचपलीसुद्धा. मग म्हणाले, “तू ऐकला नाहीस, एवढंच त्यातून सिद्ध होतं. आवाज नाही, हे होत नाही.” आणि ताठ मानेने घरी आले. ताठ मान ठेवून त्या गाडीत बसणं सोपं नव्हतं, कारण छताचं कापडही तोवर उसवून काढलेलं होतं.

सर इरेला पेटले. आवाज मागून येत असेल तर मागेच जाऊन ऐकला पाहिजे, असं त्यांनी ठरवलं. म्हणजे दुसऱ्या दिवशी डॉक्टर गाडी चालवायला, काकू नेहमीप्रमाणे पुढे वही घेऊन, आणि सर स्वतः डॉक्टरांचा स्टेथोस्कोप कानाला लावून डिकीत आडवे. झाकण दोरीने अर्धं बांधलं. डॉक्टरांना बजावलं, वहीतले सगळे वेग झाले पाहिजेत, साठसुद्धा.

डॉक्टरांनी साठपर्यंत गाडी नेली. आवाज नाही. चढावर नेली, दोन रिक्षांना मागे टाकलं. आवाज नाही. डिकीत सरांना स्वतःच्या हृदयाचे ठोके तेवढे ऐकू येत होते, आणि ते रागाने वाढत होते. अशात गाडी थांबली आणि झाकण वर झालं. बाहेर वाहतूक पोलीस उभा होता.

“हे कोण?” त्याने डॉक्टरांना विचारलं.

“गाडीचे मालक.”

“मालक डिकीत का?”

“आवाज ऐकतायत.”

“कसला?”

“येत नाहीये,” डॉक्टर म्हणाले.

पोलिसाने सरांकडे नीट पाहिलं. स्टेथोस्कोप पाहिला. मग त्याचा चेहरा पडला. “सर, तुम्ही? मी दहावी ब.” त्याने सरांना हाताला धरून बाहेर काढलं, धूळ झटकली, आणि पावती न फाडता सोडून दिलं. पावती फाडली असती तर बरं, असं सरांना वाटलं. मान पुढे तीन दिवस वळत नव्हती. पण मानेपेक्षा जास्त दुखलं ते वेगळंच. माझ्या हाती असली की बोंबलते आणि परक्याच्या हाती शहाण्यासारखी वागते, म्हणजे काय? पंधरा वर्षं जिला धुतली पुसली, तिने असं करावं? त्या रात्री सर नीट जेवले नाहीत. काकूही जेवल्या नाहीत, पण ते सरांच्या ध्यानात आलं नाही.

शेवटचा दिवस उजाडला. उद्या तपासणी. सरांनी मेकॅनिकला निरोप धाडला: गॅरेजपाशी नको, घरी ये, आणि प्रयोग जसा होतो तसाच बघ. मेकॅनिक आला. मागची सीट बैठकीत असल्यामुळे तो मागे एका लाकडी खोक्यावर बसला. पुढे सर, शेजारी काकू, मांडीवर वही. एकशे चौऱ्याहत्तरावं पान.

सरळ रस्ता लागला. पुढे विटांचा ट्रॅक्टर. सरांनी पाय दाबला.

“कर्र… डब्.”

“ऐकलंस?” सर जवळजवळ आनंदाने म्हणाले.

मेकॅनिकने ऐकलं होतं. त्याने पेचकस कानाला लावला, वाकला, आणि दुसरं टोक पुढच्या सीटच्या खाली जमिनीला टेकवलं. वाकल्यावर त्याला जे दिसायचं ते दिसलं. तो सावकाश सरळ झाला.

“सर, जरा बाजूला घ्या. काकू, तुम्ही इथे खोक्यावर या, मी पुढे बसतो.”

जागा बदलल्या. साठपर्यंत गेले. आवाज नाही. पुन्हा जागा बदलल्या. “कर्र… डब्.”

“म्हणजे त्या बाजूला वजनाचा काही—” सरांनी सुरुवात केली.

“माझ्या वजनावर जाऊ नका,” काकू म्हणाल्या.

“सर,” मेकॅनिक खाली मान घालून म्हणाला, “राग मानू नका. या वहीत छत्रीसुद्धा आहे. काकू नाहीत.”

“ती कशी असेल? ती नोंद घेते. नोंद घेणारा माणूस प्रयोगात धरत नाहीत.”

मेकॅनिकने पेचकस खोक्यावर ठेवला. खाली उतरून त्याने काकूंच्या बाजूचं दार उघडलं, “काकू, पाय जरा,” म्हणाला, आणि नवी रबरी मॅट उचलली. खाली सरांनी बसवलेला पत्रा होता. निवृत्तीच्या वेळी शाळेतून आणलेल्या पाटीचा. एका जागी, बरोबर उजव्या टाचेखाली, त्याला वाटीएवढा खळगा पडला होता. मेकॅनिकने खळगा हाताने दाबला. “कर्र… डब्.” पत्र्यावर लिहिलेलं अजून वाचता येत होतं: प्रयोगशाळेत शांतता राखा.

मग त्याला अचानक रस्त्यापलीकडच्या झाडाखाली काहीतरी काम निघालं.

सर त्या खळग्याकडे बघत राहिले.

“तुम्ही जोरात घेतली की माझा पाय आपोआप दाबला जातो,” अखेर काकू म्हणाल्या. “ब्रेक असल्यासारखा.”

“कधीपासून?”

“गाडी घेतली तेव्हापासून. ती मॅट काय उगाच फाटली?”

सरांना कंपनीला लिहिलेलं दोन पानी पत्र आठवलं. “आणि त्याआधी? स्कूटर होती तेव्हा?”

“तेव्हा तुमचा खांदा दाबायचे.”

“मला वाटायचं, प्रेमाने,” सर म्हणाले.

“तेही होतंच. पण वळणावर नव्हे.”

सरांना लागलं. खूप लागलं. आयुष्यभर ज्या प्रमाणपत्रावर मिरवलं ते कोरंच होतं, असं कळल्यावर माणसाला लागणारच. “मग बोलली का नाहीस? पंधरा वर्षांत एकदा तरी?”

“पहिल्या आठवड्यात बोलले होते. तुम्ही म्हणालात, चालवताना बोलू नकोस, लक्ष विचलित होतं.”

हे सरांना आठवत नव्हतं. पण वाक्य आपलंच आहे, हे त्यांना ओळखू आलं.

“आणि आवाज तुझा आहे हे कळलं कधी?”

“दहाव्या दिवशी. सगळं माझ्याच अक्षरात होतं ना, रात्री वाचत बसले आणि ध्यानात आलं. अकराव्या दिवशी मांडी घालून बसले. पण बाराव्या दिवशी तुम्ही त्या बसच्या आडवे गेलात आणि पाय आपसूक खाली आला. डॉक्टर चालवत होते तेव्हा मात्र तो हललाच नाही.” काकूंनी पदराने डोळे टिपले. “तुम्ही सगळ्यांना सांगत फिरता, हिने एक शब्द काढला नाही म्हणून. मग मी तो कुठल्या तोंडाने काढू? पण उद्या सांगणार होते. गाडी भंगारात जाऊ दिली नसती मी. तुम्ही त्या खिडकीत उभे असता ना, ते बघवत नाही मला.”

 सरांनी काकूंच्या मांडीवरची वही घेतली, पट्टीने एक नवा रकाना आखला आणि वर लिहिलं, “शेजारी कोण.” मग एकशे चौऱ्याहत्तर पानं मागे जात प्रत्येक ओळीत, बिचाऱ्यांनी, काकूंचं नाव भरलं. प्रयोग अर्धवट सोडायची सवयच नव्हती. तोवर मेकॅनिक झाडाखाली उभा राहून कंटाळला.

परतताना गॅरेजपाशी सर त्याला म्हणाले, “तेव्हा तुझं उत्तर बरोबर होतं.”

“पद्धत नव्हती ना, सर,” मेकॅनिक म्हणाला.

“पद्धत माझ्याकडे होती. तिने काय दिवे लावले ते पाहतोयस ना?”

दाखला सरांनीच सांगितला, मेकॅनिकने लिहिला. दुसऱ्या दिवशी कारकुनाने तो खिडकीत मोठ्याने वाचला: “आवाजाचे कारण: चालकाचा वेग. गाडी निर्दोष.” त्याने यादी उघडली, वरपासून खालपर्यंत बोट फिरवलं. “वेग आहे यादीत,” तो सुटकेचा श्वास टाकून म्हणाला आणि शिक्का मारला. सीट, स्टेपनी, छताचं कापड सगळं सरांनी रात्रीच पुन्हा बसवलं होतं. दुपारपर्यंत तपासणी होऊन गाडीला पुढची पाच वर्षं मिळाली. डॉक्टरांनी जिन्यातच गाठून “भीतीच निघाली ना?” असं विचारलं, आणि सरांना आयुष्यात प्रथमच एका होमिओपॅथला पूर्ण गुण द्यावे लागले.

घरी आल्यावर मुलीचा फोन आला. “बाबा, गेला का आवाज?”

“गेला नाही. सापडला,” सर म्हणाले. “शब्द सापडण्याचा होता.”

संध्याकाळी मेकॅनिक पत्रा काढायला आला, तर सर गाडीच्या दारात आडवे उभे राहिले. “राहू दे. जे यंत्र बरोबर दाखवतं ते दुरुस्त करायचं नसतं.” आणि काकूंकडे न बघता, जरा खाकरून म्हणाले, “पंधरा वर्षांनी हिचं म्हणणं ऐकू यायला लागलंय. आता कुठे बंद करतोस?”

मग ते दोघं फिरायला निघाले. पुलाच्या चढावर पुढे तोच पाण्याचा टँकर रमतगमत चालला होता. सरांनी सवयीने पाय दाबला.

“कर्र… डब्.”

सरांनी पाय सैल सोडला आणि टँकरच्या मागे, सावकाश, पूल संपेपर्यंत जात राहिले. काकूंनी वही उघडली आणि लिहिलं: आवाज, एकदा. मग थोडा विचार करून पुढच्या रकान्यात लिहिलं: कारण, ज्ञात.